अनुदान १.८० लाखांचं, रोख मात्र पाच लाख?

पिंपरीत एका कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. वय ३४, नवरा-बायको मिळून वर्षाला ८.४ लाख उत्पन्न, जमा ११ लाख. मोशीजवळ वन बीएचके पसंत केलाय. प्रश्न एवढाच, की पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० चं गृहकर्जावरचं व्याज अनुदान आत्ता घ्यावं, की घराच्या किमतीची ३५ लाखांची मर्यादा वाढेपर्यंत थांबावं? राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, म्हणजे घरं स्वस्तही होतील, अशी त्यांना आशा आहे.

उद्दिष्टाच्या भरवशावर थांबू नका. जाहीर झालेलं घर आणि ताब्यात आलेलं घर यात बरीच वर्षं जातात. अनुदानाचंही तसंच. आधीच्या योजनेत मध्यम उत्पन्न गटाचं अनुदान मुदतवाढ घेत घेत अखेर ३१ मार्च २०२१ ला बंद झालं. पुढे काय वाढेल यावर घराचं गणित बांधायचं नसतं.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या परिच्छेदात आहे, तीही ओघात आलेली. घराची किंमत ३९.९ लाख. करारात ३४.९ लाख दाखवायचे, म्हणजे घर योजनेत बसतं. उरलेले पाच लाख दसऱ्याच्या आधी रोख. त्यासाठी पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी कर्ज. हे पैसे देऊ नका.

अनुदान नेमकं किती ते आधी बघा. घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के. जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात. वर्षाला ३६ हजार. आता पतसंस्थेचे पाच लाख पाच वर्षांत फेडायचे तर महिना ११,६०० रुपये, निव्वळ व्याज दोन लाख. म्हणजे सरकार देणार त्याहून जास्त तुम्ही पतसंस्थेला देणार. पाच लाखांची मुद्दल वेगळीच.

आणि त्या पाच लाखांची पावती नाही. प्रकल्प रखडला आणि तुम्ही महारेराकडे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाकडे, परतावा मागितला, तर कागदावरचेच पैसे मोजले जातील. पुढे घर विकताना खरेदी किंमत कमी दिसेल आणि कर जास्त बसेल. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. शिवाय किंमत लपवून अनुदान घेणं म्हणजे सरकारला खोटी माहिती देणं, आणि अर्जावर सही बिल्डरची नसते, तुमची असते.

मला यात धोरणाचाही दोष दिसतो. ३५ लाखांना पूर्ण अनुदान आणि त्यावर एक रुपया गेला की शून्य, अशी रेघ मारली की बिल्डर कागद रेघेच्या आत बसवतो आणि फरक गरजू माणसाच्या खिशातून काढतो. किंमत वाढेल तसं अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं, तर या रोखीला कारणच उरणार नाही.

रोखीचा धोका बाजूला ठेवला तरी हे घर झेपत नाही. करारातले ३४.९ वजा कर्ज २५, म्हणजे दहा लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी पावणेतीन, जीएसटी १ टक्का. झाले १३. वर रोख पाच, एकूण १८. जमा आणि पतसंस्था मिळून १६. उरलेले दोन लाख कुठून आणणार?

तुम्हाला झेपणारं घर ३१-३२ लाखांचं आहे. कर्ज २५ लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २१,७०० च्या आसपास. सगळा खर्च धरून पदरचे दहा लाख जातील, एक लाख हाताशी राहील. अनुदानही नियमात मिळेल. दुसरी वाट म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत. ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखीव असतात, आणि पुणे महानगर प्रदेशात ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब अल्प गटात येतं. अर्ज भरा, पण नंबर लागेलच असं धरून चालू नका.

कर्ज मंजूर करताना एजंटने १.१ लाखाची एकरकमी विमा पॉलिसी कर्जातच घातली आहे, ती काढायला लावा. व्याजासकट ती सव्वादोन लाखांना पडते. त्याच बँकेचा विमा घेणं बंधनकारक नाही. कर्जाएवढा साधा टर्म इन्शुरन्स वेगळा घ्या.

चेकने दिलेले दोन लाख बुकिंगचे आहेत. बिल्डरला लेखी विचारा: पूर्ण किंमत करारात दाखवणार का? करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम रेरा कायद्याने घेता येत नाही, त्यामुळे तोवर एक रुपयाही वाढवू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं तरी किंमत ३९.९ लाखच राहिली, तर बुकिंग रद्द करून दोन लाख परत मागा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.