जर्मनीला निघालीस, तर पगाराचं आधी बघ

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत चार वर्षं डिझाइनचं काम केलंस, आणि आता जर्मनीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीने बोलावलंय. तू विचारलंस, "ताई, तिकडं बाईला खरंच पुरुषासारखं वागवतात का? लग्न, मूल म्हटल्यावर नोकरीचं काय?" मी राजारामपुरीतून इकडे येऊन अकरा वर्षं झाली. जे सोसलं आणि जे उपयोगी पडलं, ते सांगते.

मुलाखतीत गरोदरपणाबद्दल विचारायची कंपनीला मुभा नाही. कुणी विचारलंच आणि तू खोटं सांगितलंस, तरी त्यावरून तुला काढता येत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना.

माझी चूक झाली ती पगारात. कोल्हापूरचा पगार विचारला, मी सांगून टाकला, आणि त्याच्या तिप्पट मिळतोय म्हणून लगेच सही केली. वर्षभराने कळलं, माझ्यानंतर लागलेला, तेच काम करणारा मुलगा महिन्याला चारशे युरो जास्त घेतोय. साहेब म्हणाले, त्याने मागितले, तू मागितले नाहीस. मी गप्प बसले. आज बसले नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलंय की पुरुषाने जास्त घासाघीस केली, एवढ्या कारणावर बाईला त्याच कामाचे कमी पैसे देता येणार नाहीत.

२०१७ च्या कायद्याने आणखी एक हक्क दिलाय. तुझ्या ठिकाणी दोनशेच्या वर माणसं असतील, तर तुझ्यासारखंच काम करणाऱ्या पुरुषांच्या पगाराचा मधला आकडा लेखी मागता येतो. असे पुरुष किमान सहा हवेत, म्हणजे एकट्याचा पगार उघडा पडत नाही. अर्ज सहसा बेट्रीब्सराटकडे, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या समितीकडे द्यायचा. दुसऱ्या कंपनीत मी तो दिला, आणि पुढच्या वाढीत फरक भरून निघाला. माझी मावशी शिरोलीच्या फाउंड्रीत कोअर बनवायची. तेच काम करणाऱ्या गड्यापेक्षा तिची हजेरी कमी. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ सालीच झाला होता, पण त्या शेडमध्ये तिला तो कुणी सांगितला नाही. म्हणून तुला एवढं खोलात सांगतेय. भेदभाव झालाच, तर भरपाईची मागणी दोन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. मुदत गेली की दावा गेला.

आता मुलाचं. दिवस गेल्यापासून बाळंतपणानंतर चार महिन्यांपर्यंत काढून टाकण्यापासून संरक्षण आहे, अगदी सुरुवातीच्या चाचणी काळातही. मात्र करार ठरावीक मुदतीचा असेल तर तो तारखेला संपतोच, तेव्हा कायम नोकरीच माग. भरपगारी रजा आधी सहा आणि नंतर आठ आठवडे. आपल्याकडच्या २६ आठवड्यांपेक्षा ती कमीच. पण पुढे एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल सांभाळायला सरकारी भत्ता मिळतो: निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. बापानेही किमान दोन महिने घेतले तर दोघांना मिळून चौदा महिने. नवऱ्याशी हे विमानात बसायच्या आधी बोल. आणि कोल्हापूरची कमाई त्यात धरत नाहीत, त्यामुळे आल्या आल्या मूल झालं तर हातात महिन्याला तीनशेच्या आसपास युरो येतील.

कंपनीला आजच मेल कर: युनियनचा वेतन करार लागू आहे का, आणि मला कोणती ग्रेड देणार? उत्तर आलं की सही करण्याआधी मला फोन कर, आपण दोघी मिळून वाचू.