बेळगावात राहून मुलीला अदिती अशोकसारखी व्यावसायिक गोल्फपटू होता येईल का?

तुमची मुलगी बारा वर्षांची आहे, कॅम्पकडच्या गोल्फ कोर्सवर खेळते, पण बॉल लांब जात नाही, मग पुढे जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नक्की आहे. अदिती आजही व्यावसायिक टूरवर (वर्षभराच्या स्पर्धामालिकेत) लांब मारणाऱ्यांत मागेच असते. तिचं सगळं बळ पटर (बॉल भोकाकडे घरंगळत न्यायची काठी) आणि वेजमध्ये (जवळून उंच उडवायची काठी). टोकियो ऑलिंपिकला चार फेऱ्यांत 15 अंडर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 15 कमी), म्हणजे 269 फटके. पदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली. ड्रायव्हरने (सर्वात लांब मारायच्या काठीने) पिछाडीला असलेली मुलगी तिथवर पोचली ती ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर.

म्हणून सरावाची वाटणी बदला. निम्म्याहून जास्त वेळ शंभर यार्डांच्या आतल्या फटक्यांना द्या. पटरच्या तोंडापेक्षा बोटभर जास्त अंतर ठेवून दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा आणि त्यांच्यामधून तीन फुटांचे पट, म्हणजे पटरचे फटके, मारायला लावा. टीला धक्का लागला तर पटरचं तोंड मधोमध येत नाही हे लगेच कळतं. मग 20, 30, 40 फुटांवरून मारायचं. तिथे बॉल भोकात जाण्यापेक्षा भोकापासून तीन फुटांच्या आत थांबणं महत्त्वाचं, कारण तीन-तीन पट लागले की स्कोअर तिथेच बिघडतो. पावसाळ्यात एक गोष्ट हमखास नडते. ओल्या, वाढलेल्या गवतावर बॉल हळू पळतो, मुलांना जोरात मारायची सवय लागते आणि बेंगळुरूच्या वेगवान ग्रीनवर तोच पट भोक ओलांडून पाच-सहा फूट पुढे जातो. स्पर्धेच्या दिवशी सकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमधून उतरून थेट पहिल्या टीवर (खेळ सुरू करायच्या जागी) जाऊ नका. एक दिवस आधी पोचा आणि तो दिवस फक्त लांब पटांना द्या.

मोठ्यांच्या क्लब (गोल्फच्या काठ्या) कापून देऊ नका. दांडा आखूड झाला की जास्त ताठ होतो, डोकं मात्र तेवढंच जड राहतं, आणि मूल मनगटाने ओढायला लागतं. बॅगेत 14 क्लब चालतात, पण या वयाला सात-आठ पुरेत, उंचीच्या मापाच्या.

कारकीर्दीचा क्रमही बघा. अदिती बेंगळुरूच्या केजीएवर (कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या कोर्सवर) शिकली, 2015 मध्ये ब्रिटिश लेडीज हौशी स्ट्रोक प्ले जिंकली, त्याच डिसेंबरात मोरोक्कोतल्या पात्रता स्पर्धेत पहिली आली. महिलांच्या युरोपियन टूरचं कार्ड (खेळायचा हक्क) मिळालं आणि 2016 च्या सुरुवातीला, सतराव्या वर्षी, ती व्यावसायिक झाली. त्याच वर्षी इंडियन ओपन जिंकली आणि लगेच कतार, मग 2017 ला अबुधाबी, 2023 ला केनिया आणि स्पेन. मधली पाच वर्षं या टूरवर विजेतेपद नाही! हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शेवटच्या फेरीआधी सात फटक्यांची आघाडी होती, ती गेली आणि रौप्य मिळालं. या धंद्यात हे नेहमीचं आहे. कट हुकला (पहिल्या फेऱ्यांनंतर पुढे जाणाऱ्यांत नाव आलं नाही) की त्या आठवड्याचा प्रवास, हॉटेल, कॅडी (बॅग उचलून सल्ला देणारा), सगळा खर्च खिशातून. तिचे वडील रिओत आणि आई टोकियोत कॅडी होती. घरातलं कुणी बॅग उचलणारं असेल तर सुरुवातीच्या वर्षांत मोठा आधार होतो, पण पट वाचताना (उतार बघून दिशा ठरवताना) दोघांनी बोलायचं किती हे आधीच ठरवा.

तूर्तास एवढंच: अधिकृत हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) काढून घ्या (कमाल 54 पासून सुरू होतो) आणि इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनियर स्पर्धा गाठा. व्यावसायिक व्हायची घाई मात्र नको. देशातल्या महिला प्रो टूरवर हौशी मुलीही खेळतात, त्यांना बक्षिसाची मर्यादा 1,000 डॉलरची असते. एकदा प्रो झाल्यावर पुन्हा हौशी व्हायचं तर अर्ज करून थांबावं लागतं, आणि तेवढ्यात ज्युनियर स्पर्धांचं वय निघून जातं.