कॉर्डसाठी दुसरा कीबोर्ड

प्रश्न : आमच्या वाद्यवृंदात मी यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० वाजवतो. ६१ पट्ट्यांपैकी डावीकडचे सुमारे दीड सप्तक कॉर्डमध्येच (एकत्र दाबलेल्या सुरांच्या गटांमध्येच) अडकते आणि गाण्यातले म्युझिक पीस वाजवताना उजव्या हाताची कोंडी होते. घरी मिडी आउट (दुसऱ्या वाद्याला संदेश पाठवणारे छिद्र) असलेला जुना कीबोर्ड आहे. त्यावर कॉर्ड धरून मुख्य कीबोर्डची स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) चालवता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अवश्य येईल, आणि त्यासाठी पाच पिनांची एक मिडी केबल पुरेशी आहे. जुन्या कीबोर्डच्या मिडी आउटमधून ती मुख्य कीबोर्डच्या मिडी इनमध्ये लावावी. तिच्यातून आवाज जात नाही; कोणती पट्टी किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप १६ पैकी एखाद्या चॅनेलवरून पोहोचतो. १९८३ पासून सर्व प्रमुख कंपन्या हीच पद्धत पाळत असल्यामुळे जुना कीबोर्ड दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतो.

खरे काम मुख्य कीबोर्डच्या मिडी सेटिंगमध्ये आहे. जुना कीबोर्ड ज्या चॅनेलवर पाठवतो, तो चॅनेल 'कॉर्ड डिटेक्ट'मध्ये चालू करावा. मग एसीएमपीचे (डावीकडच्या पट्ट्यांवरून कॉर्ड ओळखण्याचे) बटण बंद असले तरी स्टाइल त्या चॅनेलवरून आलेल्या कॉर्डप्रमाणे वाजते आणि लेफ्टचा (डावीकडच्या पट्ट्यांना दिलेला वेगळा) आवाजही बंद ठेवल्यास सगळ्या पट्ट्या सुरावटीसाठी मोकळ्या होतात. 'रिसीव्ह'मध्ये मात्र तोच चॅनेल 'ऑफ' करावा, नाहीतर कॉर्डचे सूर स्टाइलच्या जोडीने वेगळे ऐकू येतात. 'ऑन बेस नोट'ही बंदच असावा. तो चालू राहिला, तर आपण कॉर्ड उलटवून (सुरांचा क्रम बदलून) धरताच बेस भलत्याच सुरावर जातो. दोन्हींचे ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सोय) प्रथम शून्यावर आणावे आणि जुन्याचा आवाज पूर्ण कमी करावा.

आता बोटांविषयी, कारण माझ्या मते या जोडणीचा मोठा लाभ तिथेच आहे. डाव्या हाताला ऐसपैस जागा मिळाल्यामुळे कॉर्ड उड्या न मारता बदलता येतात. पांढरी एकमध्ये (सी हा सा मानून) सा-ग-प धरला असेल, तर सा तसाच ठेवून ग वरून म वर आणि प वरून ध वर सरकले की एफ मेजर मिळतो. पुन्हा सा-ग-प वर येऊन प तसाच ठेवला आणि सा वरून खालच्या नि वर व ग वरून रे वर आले की जी मेजर. 'फिंगर्ड' (कॉर्डचे सूर प्रत्यक्ष दाबण्याच्या) पद्धतीत स्टाइल ही उलटलेली रूपेही अचूक ओळखते. एका बोटाने कॉर्ड देणारी पद्धत उपलब्ध आहे, पण तिची सवय लागू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तीन सुरांची ही सरकती पकड आठवड्याभराच्या रियाजाने हातात बसू लागते.

जुन्या कीबोर्डला केवळ चौकोनी यूएसबी असते, तर तो मुख्य कीबोर्डला थेट जोडता आला नसता, कारण ते छिद्र संगणकासाठी असते. तेव्हा मध्ये यूएसबी मिडी होस्ट नावाची लहान पेटी लागते.