लग्नाचे शूटिंग, नाटकाच्या कॅसेटी आणि ४.७ जीबीची डिस्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे शूटिंग पेन ड्राइव्हवर मिळाले आहे. ३ तास २० मिनिटांचे, एकूण ११ जीबी. नातेवाइकांकडे जुने डीव्हीडी प्लेयर आहेत, म्हणून डिस्क करून द्यायच्या आहेत. एका डिस्कवर बसेल का? आणि डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असताना कॉम्प्युटर ४.३७ का दाखवतो?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : आधी ४.३७ चे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. जागा तेवढीच आहे, कमी मिळालेली नाही.

आता ११ जीबी हा आकडा विसरा. प्लेयरवर चालणाऱ्या डीव्हीडीसाठी व्हिडिओ एमपेग-२ मध्ये (डीव्हीडीची व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) नव्याने तयार करावा लागतो, त्यामुळे मूळ फाइल केवढी होती याला अर्थ राहत नाही. हिशोब वेळेचा असतो. डिस्कवर सुमारे ३७,६०० मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) मावतात. मेनू वगैरेसाठी थोडे सोडून ३६,००० धरा आणि सेकंदांनी भागा. तुमचे सेकंद १२,०००, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिट आले. त्यातून आवाजाचे १९२ किलोबिट गेले की चित्राला २.८ उरतात.

बसेल, पण तसे करू नका. एमपेग-२ दर वेळी पूर्ण चित्र साठवत नाही. मागच्या चित्रापेक्षा काय बदलले, बहुतेक तेवढेच लिहिते. नवरा-नवरी खुर्चीवर बसलेले असताना २.८ मध्ये भागते. मंगलाष्टक संपून अक्षता उडाल्या की पडदाभर हालचाल, वरून फ्लॅश. तिथे बिट पुरत नाहीत आणि नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. वरातीत डीजेच्या लुकलुकत्या लायटींमध्येही तेच होते. लोक जे पुन्हा पुन्हा लावून पाहणार, नेमके तेच फाटते.

दोन डिस्क करा. हळद ते सीमांतपूजन एकीवर, लग्न आणि वरात दुसरीवर. प्रत्येकी १ तास ४० मिनिटे धरली तर चित्राला ५.८ मेगाबिट मिळतात आणि अक्षता स्वच्छ दिसतात. (डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, पण जुन्या प्लेयरसाठी ८ च्या वर जाऊ नये.) ८.५ जीबीची डबल लेयर डिस्कही मिळते, मात्र ती महाग असते आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना काही जुने प्लेयर अडखळतात. एकच साधी डिस्क हवी असेल तर पंगतीचे आणि रिकाम्या मंडपाचे लांबलचक शॉट कापा. एक तास कमी केलात तर २.८ चे ४.१ होतात. एन्कोडिंग (व्हिडिओचे एमपेग-२ मध्ये रूपांतर) टू-पास, म्हणजे दोन फेऱ्यांचे ठेवा; त्यामुळे शांत प्रसंगातून वाचलेले बिट धावपळीच्या प्रसंगाला मिळतात.

प्रश्न : झाडीपट्टीतल्या एका नाटकाच्या दोन व्हीएचएस कॅसेटी आहेत, मिळून ५ तास. एका डिस्कवर येतील का?
– एक वाचक, देसाईगंज (जि. गडचिरोली)

उत्तर : व्हीएचएसमध्ये आडवा बारकावा मुळातच कमी असतो, म्हणून चित्राचा आकार ७२० × ५७६ ठिपक्यांऐवजी ३५२ × ५७६ निवडा. डीव्हीडीच्या नियमात हे बसते आणि निम्म्या बिटमध्ये काम होते. तरी ५ तासांना चित्रासाठी १.८ मेगाबिटच येतात. कॅमेरा एका जागी उभा असेल तर संवाद निभावतील, नाच-गाणी निभावणार नाहीत. अंक मोडणार नाही असे पाहून दोन डिस्कवर विभागा. अडीच तासांना ३.८ मिळतात आणि या आकाराला ते भरपूर होतात. कॅसेटची मुंग्यांसारखी खरखर बिट फार खाते, ती आधी हलक्या फिल्टरने कमी करा. चित्राच्या तळाशी फडफडणारी पट्टी असते, तिच्यावर काळी पट्टी टाका.

प्रश्न : एमपी-४ फाइल डिस्कवर टाकली. लॅपटॉपवर चालते, प्लेयर घेत नाही. दुसऱ्या वेळी राइट होताना लाइन गेली आणि डिस्क वाया गेली.
– एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

उत्तर : तुम्ही डेटा डिस्क केली. साध्या प्लेयरला व्हिडिओ_टीएस फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ फाइली लागतात. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर त्या बनवते. प्रोजेक्टमध्ये पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) आणि ४.७ जीबी निवडा. मोबाइलचा व्हिडिओ असेल तर आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) स्थिर करून घ्या. मोबाइलच्या व्हिडिओत तो कमी-जास्त होत राहतो, म्हणून तासाभराने ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

लगेच राइट करू नका. शेवटी आयएसओ इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकच फाइल, हार्ड डिस्कवर तयार करा. एन्कोडिंगला काही तास लागतात. त्यात लाइन गेली तर वेळ जातो, डिस्क जात नाही. इमेज तयार झाली की राइटिंग थोड्या मिनिटांचे काम. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज करा, बाहेरचा रायटर असेल तर तोही लॅपटॉपवरच चालतो ना ते पाहा, आणि १६ एक्स वेगाच्या डिस्कवर ८ एक्सने राइट करून व्हेरिफाय करा (नीट लिहिले गेले ना ते तपासा). ही इमेज पेन ड्राइव्हवरून नेणार असाल तर तो फॅट-३२ या फॉरमॅटमध्ये नसावा; त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि कॉपी होतच नाही.