धावताना कोण जास्त तापतं?

प्रश्न : माझं वजन ९० किलो, उंची १७८ सेंमी, पत्नी ५५ किलो, १६० सेंमी. हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी आम्ही रोज सकाळी तासाला १० किमी वेगानं एकत्र धावतो. थंडीत मी तिच्या बरोबरीनं असतो, मार्चनंतर मात्र पाचव्या-सहाव्या किलोमीटरलाच माझा जीव जातो. जिममधल्या सायकलवर नेमकं उलटं होतं. माझा स्टॅमिना कमी पडतोय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्टॅमिन्याला बोल लावण्याआधी हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे तासाला तुम्हाला ९००, पत्नीला ५५०. यातला ८० टक्क्यांच्या आसपासचा भाग नुसती उष्णता होतो : ७२० आणि ४४०. ती बाहेर पडणार कातडीतून, आणि कातडी काही वजनाइतकी वाढत नाही. ड्युबॉइस यांच्या सूत्रानं तुमची त्वचा भरते २.०८ चौरस मीटर, पत्नीची १.५६. दर चौरस मीटरमधून तुम्हाला ३४६ किलोकॅलरी घालवायच्या आहेत, तिला २८२.

थंडीत दोघांचंही निभावतं. एक लिटर घाम वाळला की जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण वाळला तरच. ठाण्याच्या दमट हवेत तो निथळून रस्त्यावर पडतो, आणि पडलेला घाम कामाचा नाही. त्या हवेत जेवढं वाळू शकतं ती मर्यादा तुम्ही ओलांडता, पत्नी आत राहते.

सायकलवर १५० वॉटचं काम दोघांना सारखंच, त्यामुळे उष्णताही जवळपास सारखीच तयार होते. ती मुरवायला तुमच्याकडे ३५ किलो जास्त आणि घालवायला त्वचाही जास्त. तिथे तुम्ही सरस ठरणारच. पंखा मात्र समोर हवा. जागच्या जागी सायकल मारताना वारा लागत नाही.

उपाय? पत्नीइतकाच भार त्वचेवर ठेवायचा तर तुमचा वेग तासाला ८.२ किमीच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला सव्वासात ते साडेसात मिनिटं. उन्हाळ्यात वेगवेगळे धावा, संसार मोडत नाही. पहाटे ऊन नसतं, पण दमटपणा तेव्हाच सर्वाधिक असतो, हेही लक्षात असू द्या. उकाड्याची सवय लागायला १० ते १४ दिवस जातात. तोवर अंतर कमी ठेवा.

पाणी अंदाजानं नको. धावण्याआधी आणि तासाभरानं, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ९०.० चं ८९.१ झालं आणि मध्ये ४०० मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला १.३ लिटर (लघवीला गेला असाल तर तेवढं वजा). घट २ टक्क्यांच्या, म्हणजे १.८ किलोच्या आत राहील एवढं प्या. धावून वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते घातक ठरू शकतं.

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा, ३० किलोचा, सडपातळ. मे महिन्यात क्रिकेट शिबिराला पाठवू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वरचा हिशेब इथे उलटतो. हवा ४३ अंशांवर गेली की ती त्वचेपेक्षा (सुमारे ३५) गरम असते, आणि कातडी उष्णता आत घेऊ लागते. अशा मुलाला दर किलोमागे साधारण ३६० चौ. सेंमी त्वचा असते, ठाण्याच्या वाचकांना २३०. शिवाय मुलांना घामही कमी येतो. पाठवा, पण सराव सकाळी आठच्या आत संपत असेल तर. दर १५-२० मिनिटांनी सावली, पाणी, आणि तेवढा वेळ हेल्मेट-पॅड काढलेले हवेत. झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका : सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका; खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग अनेकदा घामानं चिंब असतं.

प्रश्न : पोटाला प्लास्टिक गुंडाळून धावलं तर चरबी लवकर उतरते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. उतरतं ते पाणी, दोन तांब्यांत परत येतं. तेवढ्या भागातला घाम मात्र वाळत नाही, म्हणजे अंग थंड करायची तेवढी जागा तुम्ही स्वतःच बंद केलीत.