विचारा तर खरं : समाजशास्त्र आणि लोकप्रशासन एकत्र शिकावं का?

प्रश्न : मॅडम, मी हर्णैची. यंदा बारावी आर्ट्स झाली, 71 टक्के. समाजशास्त्र आणि लोकप्रशासन असा पाच वर्षांचा एकत्र बीए-एमए कोर्स एका माहितीपत्रकात बघितला. बाबा बोटीवर खलाशी, आई मासे विकते. घरचे म्हणतात इथेच जवळ साधं बीए कर, पाच वर्षं बाहेर कोण ठेवणार. मला पुढे एमपीएससी पण द्यायचीय. दोन विषय एकत्र घेतले तर दोन्ही अर्धवट राहतील का?

उत्तर : अर्धवट राहत नाहीत गं, नीट शिकवले तर उलट एकामुळे दुसरा कळतो. कसा ते आधी सांगते, मग प्रवेशाचं बोलू.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दिवेआगरला माझ्या मावशीची सुपारीची वाडी झोपली. पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले, मावशी त्यांच्यासोबत फिरून पडलेली झाडं मोजत होती, वहीत पाच-पाचच्या रेघा मारत होती, सगळं झालं आणि सातबारा काढला तर त्यावर सतरा नावं. त्यातले नऊ जण मुंबईत, दोघं वारलेले, एक आत्या लग्न होऊन कुठे गेली ते कुणालाच धड सांगता येईना. वाडी शिंपणारी, सुपारी सोलणारी एकटी मावशी, पण पैसे खात्यात यायला बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत. त्यात भरपाईचा दर हेक्टरी आणि मावशीची वाडी अकरा गुंठे! भाऊसाहेब माणूस चांगला होता, चहा न घेता उन्हात चार तास फिरला, पण त्याच्या फॉर्मला मावशीसाठी रकानाच नव्हता.

आता बघ, पंचनामा कोण करतो, तो कुणाकडे जातो, दर कोण ठरवतं, अडलं तर अपील कुठे, हे लोकप्रशासन. आणि सातबाऱ्यावरची नावं पिढ्यानपिढ्या का निघत नाहीत, चाकरमानी गणपतीला येऊन घराला रंग काढतो पण वाटणीचं नाव काढलं की गप्प का होतो, बहिणींचे हक्क कागदावर असून हातात का येत नाहीत, हे समाजशास्त्र. नुसतं पहिलं शिकलेला अधिकारी म्हणेल संमतीपत्र आणा, नुसतं दुसरं शिकलेला हळहळेल आणि घरी जाईल. मला दोन्ही येणारी माणसं आपल्या किनाऱ्यावरच्या तहसील कचेऱ्यांत हवीयत, म्हणून तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं.

अभ्यासक्रमातही हे जुळतं. मॅक्स वेबर हा जर्मन विचारवंत दोन्हीकडे आहे, समाजशास्त्रात सत्ता आणि अधिमान्यता (लोक ती सत्ता रास्त का मानतात) म्हणून शिकशील, लोकप्रशासनात नोकरशाही म्हणून. पंचायतराजचं तसंच. आपल्याकडे 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, 2011 मध्ये महाराष्ट्रात महिलांचं आरक्षण 50 टक्के झालं, एवढं लोकप्रशासनाचं पुस्तक सांगतं. सरपंचबाई खुर्चीत आणि बोलतायत त्यांचे यजमान, असं कुठे का होतं आणि कुठे बाई स्वतः ग्रामसभा कशी गाजवते, ते विचारायला समाजशास्त्र लागतं. आणि ही जोडी काही नवीन टूम नाही, मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडेस आले ते समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या दोन्हीचे प्राध्यापक म्हणून, मूळचे जीवशास्त्रज्ञ, नगररचनेकडे नंतर वळले ते. त्यांच्यानंतर 1924 मध्ये विभाग सांभाळला गोविंद सदाशिव घुर्ये यांनी, म्हणजे आपल्या मालवणात जन्मलेला माणूस! भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात, इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, आणि मालवणातल्या कित्येक मुलांना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता प्रवेश. माहितीपत्रकावरच्या फोटोवर जाऊ नकोस, प्रत्यक्ष जाऊन विचार की शेवटच्या सर्टिफिकेटवर एमए कशात असं छापून येणार, समाजशास्त्र, लोकप्रशासन की तिसरंच एखादं जोडनाव, कारण नेट-सेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना, हे दोन वेगळे विषय आहेत आणि पुढे प्राध्यापकी करावीशी वाटली तर विषयाच्या नावावरून घोळ होतो. दुसरं म्हणजे तीन वर्षांनी घरच्या अडचणीने बाहेर पडावं लागलं तर बीए हातात मिळतं का, ते लेखी घे, तोंडी नको. आणि लोकप्रशासनाला स्वतंत्र शिक्षक आहे की राज्यशास्त्राचे सर तासाला येऊन नोट्स वाचून दाखवतात, हे सीनियर मुलींना गाठून विचार, ऑफिसात खरं कळणार नाही.

घरचे म्हणतात त्यातही चूक नाही. नव्या शैक्षणिक धोरणात साध्या बीएलाही मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय, आहे. जवळच्या कॉलेजात समाजशास्त्र मेजर आणि लोकप्रशासन मायनर मिळत असेल (बऱ्याच ठिकाणी ते राज्यशास्त्राच्या पोटात असतं, तेही चालेल) तर तीन वर्षं घरून कर, मिळवलेले क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) अकॅडमिक बँकेत, म्हणजे ऑनलाइन खात्यात, जमा होतात, नंतर एमएसाठी बाहेर पड. तुझ्या जागी मी असते तर हॉस्टेल आणि स्कॉलरशिप दोन्ही पक्कं झाल्याशिवाय पाच वर्षांच्या कोर्सला सही केली नसती. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा अर्ज भरायला लागणारा आईबाबांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐन वेळी सेतूत रांग लागते.

एमपीएससीचं म्हणशील तर राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, एमए लागत नाही. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, एक वैकल्पिक विषय, दोन पेपर, 500 मार्क. यादीत तुझे दोन्ही विषय आहेत पण घेता एकच येतो, यूपीएससीतही 2013 पासून तसंच. दुसरा विषय वाया जात नाही, सामान्य अध्ययनात आणि निबंधात कामाला येतो.

आणि एक कर. फील्ड प्रोजेक्ट येईल तेव्हा नेटवरून उचलून देऊ नकोस, तुझ्या दाराशी हर्णै बंदर आहे. संध्याकाळी लिलावाला वही घेऊन बस, बोली कोण लावतं, बायका कुठे उभ्या असतात, पैसे रोख की उधारीवर, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घर कशावर चालतं. आईलाच आधी विचार. तिला जे माहितीय ते कुठल्याच रिपोर्टात मिळणार नाही.

प्रश्न : मुलगा बीए समाजशास्त्र तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजवाले चौथं वर्ष करा म्हणतात, एमएचं वर्ष वाचेल म्हणून. करू द्यावं का? आमची देवगडला आंब्याची बाग आहे, तो कायम तिकडे राहील असं नाही. (एक पालक)

उत्तर : भाऊ, वर्ष काही वाचत नाही. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पण पाचच. फरक इतकाच की चौथ्या वर्षी ऑनर्स मिळतं आणि मग एमए एका वर्षात. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, तेवढे असतील आणि त्याला पीएचडीची खरंच ओढ असेल तर जरूर करू द्या, चार वर्षांच्या पदवीवर 75 टक्के असतील तर आता नेटलाही बसता येतं. ओढ नसेल तर तीन वर्षांवर पदवी घेऊन एमएला लोकप्रशासन घेऊ दे, मायनर तोच असेल तर सोपं जातं. त्याला विचारलंत का पण? पत्रात त्याचं मत कुठेच दिसलं नाही.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात सरकारी कचेरीत क्लार्क आहे, बीए समाजशास्त्र. नोकरी सांभाळून दोन्ही विषयांत एमए एकदम करता येईल का?

उत्तर : नियमाने येईल. 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिलीय आणि इग्नू या मुक्त विद्यापीठात दोन्ही एमए दूरशिक्षणाने आहेत. पण नोकरी, घर आणि दोन एमए यात दोन्हीचं मातेरं होईल, तेव्हा आधी लोकप्रशासन करा, रोजच्या फायलींशी जुळेल. खात्याची परवानगी अर्ज करून घ्या आणि आवक नंबर टाकलेली प्रत जपून ठेवा. जूनच्या परीक्षेच्या असाइनमेंट साधारण मार्चअखेर द्यायच्या असतात, म्हणजे नेमकं तुमचं मार्च एंडिंग, म्हणून त्या फेब्रुवारीतच लिहून टाका.