संशोधन आणि केरसुणी

प्रश्न असा आलाय: ‘शोध आणि संशोधन यात नेमका फरक काय? विज्ञान, तंत्रज्ञान, कला अशा सगळ्या क्षेत्रांतल्या अभ्यासाला संशोधन हा एकच शब्द चालतो का, की अनुसंधान, शोधकार्य, गवेषणा असं वेगवेगळं काही वापरायचं? आणि पीएचडी करणाऱ्याला शोधकर्ता म्हणावं की संशोधक?’

उत्तर चार ओळींचं आहे, ते आधी देऊन टाकतो म्हणजे मी मोकळा. शोध घेतात, शोध लावतात, नाहीतर तो आपला आपण लागतो. संशोधन मात्र करावं लागतं. करणारा तो संशोधक, तो लिहितो तो शोधनिबंध, आणि पदवीसाठी जाडजूड बांधून देतो तो प्रबंध. ‘शोधकर्त्यांनी शोध केला’ हे मराठी नाही, कुणीतरी हिंदी बातमी समोर ठेवून शब्दाखाली शब्द मांडलाय. अनुसंधानाचंही तेच. मराठीत अनुसंधान राखतात, म्हणजे हात कामात असले तरी मन एका ठिकाणी लावून ठेवतात, नामाशी म्हणा किंवा कशाशी म्हणा. त्यामुळे ‘अंतराळ अनुसंधान’ असं मराठीत वाचलं की माझ्या डोळ्यासमोर डोळे मिटून आकाशाचं ध्यान करत बसलेले लोक येतात. आपल्याकडे ते अंतराळ संशोधन.

आता खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. हल्ली मराठी बातम्यांत ‘संविधान संशोधन’ ऐकू येतं. ‘संशोधन विधेयक मांडलं.’ अरे बाबांनो, घटनादुरुस्ती हा शब्द कुठे गेला? १९७६ची ४२वी घटनादुरुस्ती म्हटलं की कळतं काय झालं ते. ‘४२वं संविधान संशोधन’ म्हटलं तर मराठी माणसाला वाटेल की संविधानावर ४१ जणांनी आधीच पीएचडी केलीये आणि हा पुढचा. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती हे बरोबरच आहे, बंगालीतही तसंच. गुजराती आणि कन्नड आपल्या बाजूला, तिथेही संशोधन म्हणजे रिसर्चच, तेलुगूत परिशोधन म्हणतात. म्हणजे शब्द एक, आणि अर्ध्या देशात तो चूक सुधारतो तर अर्ध्या देशात नवीन काहीतरी शोधून काढतो.

आणि इथे मला नाइलाजाने एक कबूल करावं लागतं, ते म्हणजे संस्कृतला जवळचा अर्थ हिंदीचा आहे. धातू शुध्, म्हणजे साफ होणे. शुद्ध, शुद्धी, शुद्धिपत्र सगळे त्याच घरातले, ‘शुद्धीवर येणं’ पण तिथलंच. शोधन म्हणजे मुळात साफ करणं. आयुर्वेदात शोधन म्हणजे वमन, विरेचन वगैरे, शरीरातला दोष बाहेर काढणं. (प्रबंध लिहिताना यातलं काही झालं असेल तर तो शब्दार्थच समजा.) रसशास्त्रात पाऱ्याचं शोधन करतात. कर्ज फेडणं म्हणजे ऋणशोधन. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९०चा, मोनियर-विल्यम्सचा १८९९चा, दोन्हीकडे आधी हे साफसफाईचं खातं आणि मग मागून तपासणी, चौकशी वगैरे अर्थ.

मग साफ करण्यावरून ‘हुडकणं’ कसं आलं? कोशवाले इथे अर्थ १, अर्थ २, अर्थ ३ असे ओळीने लावतात आणि गप्प बसतात. एकावरून तीनवर उडी कशी पडली विचारलं तर ‘लक्षणेने’, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यायचा. लक्षणा म्हणजे काय जादूची कांडी आहे का? मला हे उत्तर कधीच पटलं नाही.

आता माझं ऐका. अमरकोशात एक ओळ आहे, ‘संमार्जनी शोधनी स्यात्’. संमार्जनी म्हणजे झाडणी, आणि तिचंच दुसरं नाव शोधनी. शोधनी म्हणजे चक्क केरसुणी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून एकटाच हसत बसलो होतो. कारण मग सगळंच उलगडतं. कानातल्याची फिरकी पडते तेव्हा काय करतात आठवा. आधी सगळे गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात फिरवतात, सापडत नाही. मग कुणीतरी शहाणं माणूस म्हणतं, सरका सगळे, आणि केरसुणी घेऊन कोपऱ्यापासून हळूहळू झाडत आणतं, केराचा छोटा ढीग करतं, आणि मग त्या ढिगातून केस, धागे, कागदाचे कपटे एकेक करून बाजूला काढतं. शेवटी फिरकी उरते. झाडणं आणि हुडकणं यात फरक कुठे राहिला? एकच क्रिया आहे ती. जे नको ते काढत जायचं, जे उरेल ते आपलं. साफ करणं आणि सापडणं यांच्यामधे लक्षणा नाहीये, केर आहे.

हे माझं मत आहे, कुणाला ओढूनताणून वाटलं तर वाटू दे, पण पुरावे नुसते घरातले नाहीत. गणितात बघा. जुन्या संस्कृत गणितात शोधन म्हणजे वजाबाकी! भास्कराचार्य, ११५०, बीजगणित. समीकरण सोडवायची रीत सांगताना ते म्हणतात की एका बाजूचं अव्यक्त, म्हणजे अज्ञात संख्या, दुसऱ्या बाजूतून ‘शोधयेत्’, आणि रूपं म्हणजे नुसते आकडे उलट बाजूने. शोधयेत् म्हणजे ‘शोधावं’ नाही, ‘वजा करावं’. अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणत, थोडक्यात ‘या’. समजा ५ या आणि ८ बरोबर ३ या आणि २०. तीन या झाडून टाका, डावीकडे दोन या उरले. आठ झाडून टाका, उजवीकडे बारा उरले. या म्हणजे सहा. बघा, उत्तर कुणी ‘शोधलं’ नाही, नको ते काढत गेलो आणि उत्तर उरलं. फिरकीच की ही!

आणि मराठीत याचा सगळ्यात सुंदर पुरावा एकनाथांचा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती नकला करता करता बिघडत गेल्या होत्या, कुणी ओव्या घातल्या, कुणी शब्द बदलले. नाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली त्या तपासून शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी त्याची नोंद करून ठेवली. ते म्हणतात ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरात गडबड झाली, ‘तो शोधूनियां’ प्रतिशुद्ध केला. शोधूनियां! आता हा ‘शोधून’ हिंदीचा की मराठीचा, साफ करून की तपास करून? सांगा. सांगताच येत नाही, कारण नाथांनी दोन्ही एकाच वेळी केलंय. वर त्यांनी असंही बजावलंय की यात कुणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल. माझ्या हिशेबी मराठीतलं पहिलं संशोधन ते हेच. त्यावर मला लोक सांगतात की ते ‘संपादन’ झालं, संशोधन नव्हे. त्यांनी जुने छापील संस्कृत ग्रंथ उघडावेत, मुखपृष्ठावर ‘अमुकशास्त्रिणा संशोधितम्’ असं छापलेलं असतं, आणि त्या शास्त्रीबुवांनी नेमकं नाथांसारखंच काम केलेलं असतं. आपला आजचा ‘संशोधन’ याच टेबलावरून उठून प्रयोगशाळेत गेलाय असं मला ठामपणे वाटतं. १९१०ला भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, १९१७ला भांडारकर संशोधन मंदिर, दोन्हीकडे काम काय तर जुने कागद आणि पोथ्या निवडत बसायचं.

भांडारकरमधली महाभारताची आवृत्ती हा तर केरसुणीचा महाप्रयोग. १९१९ ते १९६६, १२५९ हस्तलिखितं, श्लोकाला श्लोक लावून बघायचा, मागाहून आलेला दिसला की उचलून तळटीपेत नाहीतर परिशिष्टात. व्यास सांगतायत आणि गणपती लिहितोय ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो ना, ती या आवृत्तीच्या मूळ पाठात नाहीच, परिशिष्टात गेलीये. केरसुणीने गणपतीलाही सोडलं नाही.

आता एक दोन हिशेब चुकते करतो, मग परत प्रश्नाकडे.

एक, ते सभासंमेलनांमधले वक्ते. ‘रिसर्च म्हणजे रि-सर्च, पुन्हा शोधणे’ हे वाक्य मी इतक्या उद्घाटनांमधे ऐकलंय की आता ते येणार हे वक्त्याच्या श्वासावरून कळतं. तसं नाहीये हो. शब्द फ्रेंचमधून आलाय आणि तिथला ‘रि’ जोर द्यायला आहे, कसून शोधणे, आपल्या संशोधनातल्या ‘सम्’ सारखाच. आणि सर्चचं मूळ लॅटिनमधे ‘गोल फिरणे’, सर्कल आणि सर्कसच्या घरातलं. म्हणजे इंग्रजी माणूस वस्तूभोवती चकरा मारतो आणि आपण झाडू मारतो. कुणाची पद्धत बरी ते ठरवा.

दुसरे गवेषणावाले. ‘गवेषणा हाच खरा शुद्ध शब्द, संशोधन नको.’ गो अधिक एषणा, गाय हुडकत हिंडणं. बंगाली, असमिया, ओडिया, मल्याळम सगळे रिसर्चला हाच शब्द वापरतात, छानच आहे, गाय हरवलेल्या माणसाची तळमळ त्यात आहे हे मान्य. गाईंच्या गोठ्यावरून गोष्ठ, तिथे जमणाऱ्यांची गोष्ठी, आणि त्या गोष्ठीची आपली गोष्ट, तेव्हा मला गाईचं वावडं नाही. पण गवेषणेत एक गृहीत धरलंय, की गाय होती आणि ती आपलीच होती. संशोधनात काय उरेल ते आधी माहीत नसतं. म्हणून माझं मत केरसुणीला.

तिसरे आविष्कारवाले. यांची तक्रार अशी की मराठीत नवं यंत्र बनवलं तरी शोध आणि निसर्गातलं काही सापडलं तरी शोध, म्हणजे भाषा गरीब, तेव्हा हिंदीसारखं यंत्राला आविष्कार म्हणा. आधी हे की मराठीत आविष्कार म्हणजे आतलं बाहेर प्रकट होणं, कलाविष्कार, तो शब्द रिकामा बसलेला नाही. दुसरं असं की ज्या इंग्रजीचा दाखला देता त्यातल्या इन्व्हेन्शनचं मूळही लॅटिनमधे ‘समोर येणं, सापडणं’ एवढंच आहे. आणि तिसरं म्हणजे आपल्याकडे क्रियापदं आहेत ना! १८९५ला रंटगेन वेगळ्याच नळीवर काम करत होते आणि बाजूचा पडदा चमकला, क्ष-किरणांचा शोध लागला. बेलने टेलिफोनचा शोध लावला, १८७६ला पेटंट घेतलं. लागला आणि लावला. लोक बोलताना हे सरमिसळ करतात हे मला माहितीये, न्यूटनने पण ‘लावला’च म्हणतात, पण सोय भाषेत आहे, वापरत नाही ही चूक आपली. तशी ‘शोधक’ ची पण सोय आहे. जोतीरावांनी १८७३ला समाज काढला तो सत्यशोधक, सत्यसंशोधक नाही. तिथे पदवी नको होती, बाण्याचा माणूस हवा होता.

बरं, कलेचं राहिलंच. विज्ञान, तंत्रज्ञान, कला सगळ्यांना एकच शब्द चालतो का असं विचारलं होतं. २००८मधलं एक काम सांगतो. व्हॅन गॉगचं गवताच्या तुकड्याचं एक चित्र आहे, १८८७चं. त्याने जुन्या कॅनव्हासवरच ते रंगवलं होतं, खाली दुसरं काहीतरी आहे एवढं माहीत होतं पण दिसत नव्हतं. हॅम्बुर्गला तीव्र क्ष-किरणांचा अगदी बारीक झोत त्यावरून ठिपक्या-ठिपक्याने फिरवला, कुठल्या ठिपक्यात पारा आहे, कुठे अँटिमनी आहे ते मोजलं, म्हणजे लाल रंग कुठे आणि पिवळा कुठे. वरचं गवत हिशेबातून वजा केलं तेव्हा खाली एका शेतकरी बाईचा चेहरा उरला. आता हे भौतिकशास्त्र, की तंत्रज्ञान, की चित्रकला? आणि यातल्या कुणाला शोधकार्य, कुणाला अनुसंधान आणि कुणाला गवेषणा वाटून द्यायची? मी तर तिघांनाही संशोधनच म्हणणार. शोधकार्य म्हटलंत तर मी भांडायला येणार नाही, पण पूर आला की बोटी घेऊन निघतात ते शोधकार्य, हे लक्षात असू द्या.